ब्लॅक बेल्ट मिळाला, आता रत्नागिरीला परत येऊ का?

पत्र

दादा, मी रत्नागिरीचा, वय 32. अंधेरीत एका जिममध्ये ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवरची धरपकडीची कुस्ती, शिकवतो. अकरा वर्षं घासल्यावर यंदा मार्चमध्ये ब्लॅक बेल्ट मिळाला. सकाळी साडेसहाला पहिली बॅच, रात्री साडेदहाला शेवटची संपते, मधल्या वेळात नालासोपाऱ्याला खोलीवर जाऊन येणं जमत नाही म्हणून दुपारी मॅटवरच झोपतो. हातात 42 हजार पडतात. मालक म्हणतात पगाराचं दिवाळीनंतर बघू. अबू धाबीला शाळेत कोच म्हणून दोन वर्षांचं काम मिळतंय. इकडे बाबा 67 चे झाले, आईचे गुडघे गेलेत, आंब्याची साठेक कलमं आहेत त्यांच्याकडे बघायला कोणी नाही. काका म्हणतात साळवी स्टॉपजवळचा माझा गाळा रिकामाच आहे, तिथे क्लास काढ. लग्नाची बोलणी 'मुलगा नक्की करतो काय' इथे येऊन अडतात. रत्नागिरीत हे चालेल का? आणि चाललंच तर किती वर्षं?
– एक रत्नागिरीकर

उत्तर

अरे बाबा, सगळ्यात आधी मनापासून अभिनंदन. अकरा वर्षं लोकलला लटकून, भाडं भरून, बोटं सुजलेली असताना रोज गीची, म्हणजे खेळाच्या जाड अंगरख्याची, कॉलर पकडत राहणं काय असतं ते मला माहितीये, आणि तू पत्रात ते एका ओळीत उरकलंस ते वाचून जरा वाईटच वाटलं. घरी कोणाला नीट सांगितलंयस का, की हा पट्टा दर काही महिन्यांनी परीक्षा देऊन मिळतो तसला नाही? आयबीजेजेएफच्या, म्हणजे या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमात व्हाइटनंतरच्या ब्लूवर कमीत कमी दोन वर्षं, पर्पलवर दीड, ब्राउनवर एक आणि ब्लॅकसाठी वय कमीत कमी 19, पण हे झालं कागदावरचं, प्रत्यक्षात नोकरी, आजारपणं, दुखापती सगळं धरून दहा-बारा वर्षं जातातच. बाबांना शांतपणे बसवून हे सांग. आपल्याकडे नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न काय, कुठल्या वाडीतले, कोणाचे? तसंच या खेळात पण विचारतात, पट्टा कोणाच्या हातचा, त्यांना कोणी दिला, त्यांच्या सरांना कोणी दिला. बाबांना हे अर्ध्या मिनिटात कळेल बघ.

तुझा दुसरा प्रश्न आधी घेतो कारण त्याचं उत्तर पट्ट्यातच आहे. किती वर्षं चालेल? ब्लॅकवरच्या पहिल्या तीन डिग्र्या, म्हणजे पट्ट्याच्या पायऱ्या, तीन-तीन वर्षांनी, पुढच्या तीन पाच-पाच वर्षांनी, आणि मग सातवी, म्हणजे लाल-काळा पट्टा, सात वर्षांनी. बेरीज कर, 31 वर्षं होतात. आज 32 चा आहेस, म्हणजे तेव्हा 63 चा असशील. आणि ही वर्षं नुसती घरी बसून मोजायची नसतात, मॅटवर राहून मोजायची असतात. म्हणजे ज्यांनी हे बनवलं त्यांनी साठीपर्यंतचा माणूस डोळ्यासमोर ठेवूनच बनवलंय. तुझ्या अंगात तेवढी वर्षं राहतील का, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो तुझ्या हातात आहे, त्याच्याकडे येतो नंतर.

आता खरी गोष्ट. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पगार आहे, खोली आहे, कलमं आहेत, लग्न आहे, काकांचा गाळा आहे. तुझं स्वतःचं ट्रेनिंग कुठेच नाहीये. रत्नागिरीत आल्यावर तू रोल, म्हणजे सरावाची झुंज, कोणाशी करणार, हे तू विचारलेलंच नाहीस, आणि मला विचारशील तर बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

का ते सांगतो. मी 2017 ला ब्राउन बेल्ट असताना मुंबई सोडून चिपळूणला आलो. आधी ज्युदो केलेला होता, शिकवायची सवय होती, गावात ओळख होती, वाटलं सगळं जमेल, आणि जमलं पण, पहिल्या वर्षात चौदा-पंधरा जण यायला लागले. सगळे व्हाइट बेल्ट. रोज संध्याकाळी त्या खोलीतला सगळ्यात जाणता माणूस मीच, सोमवारी मीच, मंगळवारी मीच, शनिवारी पण मीच. रोज सगळ्यांना टॅप करायला, म्हणजे हात आपटून हार मानायला, लावायचो आणि घरी जायचो. दीड वर्षाने मुंबईला जुन्या सरांकडे गेलो तर एका पर्पल बेल्ट मुलाने सहा मिनिटांच्या एका राउंडमध्ये तीन वेळा माझा गार्ड, म्हणजे पाठीवर पडून पायांनी केलेला बचाव, पास केला. त्या मुलाचं काही विशेष नव्हतं, माझा गार्डच मेला होता, कारण दीड वर्षात त्याच्यावर कोणी जोर लावलाच नव्हता. आणि गार्ड गेल्याचं तेवढं दुःख नाही रे, जास्त वाईट हे झालं की मला मॅटवर जायचा कंटाळा यायला लागला होता. पोरांवर ओरडायला लागलो होतो. बायको एकदा म्हणाली, तू क्लासला जातोस की हापिसला? त्या रात्री मला झोप लागली नाही.

जो शिकवणारा स्वतः शिकायचा थांबतो ना, त्याचा क्लास दोन-तीन वर्षांत वास मारायला लागतो, पोरांना ते आधी कळतं, त्यांना शब्दांत सांगता येत नाही पण ती यायची बंद होतात. म्हणून माझं म्हणणं हे आहे की तू रत्नागिरीला ये, नक्की ये, पण क्लास काढायला येऊ नकोस, आधी स्वतःसाठी पाच-सहा जोडीदार घडवायला ये.

हे मी हवेत बोलत नाहीये, या खेळाचा जन्मच असा झालाय. 1882 साली जिगोरो कानोंनी तोक्योत कोदोकान नावाची ज्युदोची शाळा काढली, तिथला मित्सुयो माएदा देशोदेशी कुस्त्या करत 1914 ला ब्राझीलला पोचला, पुढे तिथल्या बेलें शहरात त्याच्याकडे कार्लोस ग्रेसी नावाचा पोरगा शिकला, आणि त्या कार्लोसने नंतर रिओमध्ये स्वतःचं सुरू केलं. पण एकट्याने नाही, घरात भाऊ होते. एकमेकांना धरून, पाडून, दाबून ते शिकले. सगळ्यात धाकटा एलिओ अंगाने किरकोळ, त्याला ताकदीने काही जमायचं नाही म्हणून त्याने तरफ आणि कोन शोधले असं सांगतात. समोर रोज कोणीतरी होतं म्हणून शोधता आले. तुझ्याकडे चार भाऊ नाहीत, तर तुला ते गावातून गोळा करावे लागतील.

आणि रत्नागिरीत ते आहेत. तू अंधेरीत बसून विचार करतोयस की इकडे लोकांना हे माहितीच नाही, शिकणार कोण. अरे, घाटावर जशी तालमीची कुस्ती तशी आपल्याकडे कबड्डी आहे, वाडी-वाडीत संघ आहेत. कबड्डीवाला पोरगा कधी मॅटवर घेतलायस का? घोट्याची पकड, मांडीची पकड, कंबरेत शिरणं, चवड्यावर तोल सांभाळणं, हे सगळं तो लहानपणापासून मातीत करून आलेला असतो, त्याला सिंगल लेग, म्हणजे एक पाय धरून पाडणं, शिकवायला तुला एक संध्याकाळ लागेल, ज्याला अंधेरीतल्या कम्प्युटरवाल्याला तीन महिने लागतात. फक्त त्याला एक गोष्ट जड जाते, पाठीवर पडणं. कबड्डीत खाली पडला म्हणजे गेला, आणि आपण सांगतो की खाली पड, तिथून खेळ सुरू होतो. तिथे धीर धर. आणि दुसरे मिरकरवाडा बंदरातले पोरगे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, 61 दिवस होड्या किनाऱ्याला, पोरं जाळी दुरुस्त करतात आणि संध्याकाळी मोकळी असतात. जाळं ओढून ओढून त्यांच्या हाताला जी पकड आलेली असते ना, एकदा त्याने तुझी बाही धरली की सोडवताना तुला घाम फुटेल. माझ्याकडे असा एक दाभोळचा येतो, आठवड्यातून दोनदा मोटारसायकलवर, आता ब्लू आहे, त्याच्याबरोबर रोल करताना मला अजून जपून राहावं लागतं. अशी माणसं तुला पाहिजेत.

पहिल्या सहा मोठ्यांकडून फी घेऊ नकोस, किंवा नावाला घे. त्या बदल्यात त्यांनी आठवड्यात चार दिवस यायचं, दोन वर्षं. दोन वर्षांनी त्यातले तीन टिकतील. ते ब्लू होतील, तुझ्या चुका पकडायला लागतील, आणि चौथ्या वर्षी त्यातला एखादा तुला खरंच टॅप करायला लावेल. त्या दिवशी पार्टी दे सगळ्यांना.

आणि महिन्यातून एक शनिवार-रविवार मुंबईला तुझ्या सरांकडे जायचंच. रात्री कोकणकन्येत बसलास की पहाटे मुंबईत, ओपन मॅट, म्हणजे सगळ्यांसाठी खुला सराव, कर, आपटून घे, परत ये. हे तिकीट लाइटबिलासारखं खर्चात धरायचं, परवडलं तर जाईन असं नाही. मी पहिली दीड वर्षं ते धरलं नव्हतं.

आता अबू धाबी. मी तुला नको म्हणणार नाही लगेच, कारण आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांवरचे स्लॅब आखातातल्या पैशावर पडलेत, माझ्या मामांचं घर पण त्यातलंच. आणि तिकडे हा खेळ खरोखर जोरात आहे, 2008 पासून शाळांमध्ये जिउ-जित्सू शिकवतात, ग्रॅपलिंगची, म्हणजे अशा धरपकडीच्या कुस्तीची, सगळ्यात मानाची एडीसीसी स्पर्धा 1998 ला तिथेच सुरू झाली, ब्राझीलचे कितीतरी कोच तिथे आहेत, म्हणजे जोडीदारांचा दुष्काळ नाही. वयाने 25 चा असतास आणि आई-बाबा पन्नाशीचे असते तर आजच बॅग भर म्हटलं असतं. पण तूच लिहिलंयस ना, बाबा 67 आणि आईचे गुडघे. दोन वर्षांचं काम दोन वर्षांत संपत नाही, ते पाच होतं, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. जायचंच असेल तर करारात राहण्याची सोय, सुट्टीचं तिकीट, विमा, आणि दिवसाला किती वर्ग घ्यायचे हे लिहून घे, आणि मुख्य म्हणजे शाळा सुटल्यावर तुला स्वतःला कुठे ट्रेन करता येईल ते विचार. दिवसभर लहान मुलांना हिप एस्केप करायला लावून रात्री खोलीत झोपायचं असेल तर ती अंधेरीच झाली, फक्त पैसे जास्त. माझा कौल रत्नागिरीला आहे, पण हा निर्णय घरात चौघांनी बसून घ्यायचा आहे, नुसतं माझं ऐकून नको.

काकांच्या गाळ्याबद्दल मला फार बोलायचंय. मुंबईत शिकलेल्या माणसाला कोकणचा पावसाळा मॅटवर काय करतो याची कल्पना नसते. तुझं लहानपण इथलं, पण तेव्हा तुझ्याकडे मॅट नव्हती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून गी सुकत नाही, पडवीत चार दिवस लटकली तरी ओलसरच, तिला आंबूस वास येतो, मग कॉलरवर काळे ठिपके. फरशीवर थेट मॅट टाकलीस तर आठवड्याभरात खालून पाणी सुटतं, उचलून बघितलंस तर बुरशी. आणि मग नायटा. एका पोराच्या मानेवर गोल चट्टा दिसतो, तो लपवतो, पंधरा दिवसांत सहा जणांना होतो, मग आया फोन करतात आणि त्यातल्या दोघी मुलांना परत पाठवत नाहीत. माझ्या दुसऱ्या पावसाळ्यात अगदी हेच झालं, चूक माझीच होती, एक दिवस फिनेल मारलं की झालं असं मी समजत होतो.

तर ऐक. गाळ्याची जमीन ओल धरते का ते भर पावसातच जाऊन बघ, ऑक्टोबरात बघून काही कळणार नाही. मॅट फरशीवर नको, खाली लाकडी फळ्यांचा सांगाडा कर, हवा खेळली पाहिजे. आमनेसामने दोन एक्झॉस्ट. रोज क्लास संपल्यावर पाण्यात हायपोक्लोराइट मिसळून पुसायचं, बाटलीवर प्रमाण लिहिलेलं असतं तेवढंच, जास्त नको, फोम खराब होतो आणि पोरांचे डोळे चुरचुरतात. प्रत्येकाला दोन गी, नाहीतर पावसाळाभर सरळ नो-गी, म्हणजे गी न घालता, शिकव, अंगाला चिकटणारा रॅशगार्ड रात्रीत पंख्याखाली सुकतो, मी गेली चार वर्षं जून ते सप्टेंबर नो-गीच ठेवतो आणि त्याने क्लास सुधारला, बिघडला नाही. नखं, कान, मान रोज दारातच बघायचे. चट्टा दिसला की डॉक्टरकडे, पूर्ण बरा होईपर्यंत मॅटवर नाही, मग तो तुझ्या काकांचा मुलगा असला तरी.

आणि गाळा रस्त्याच्या पातळीच्या खाली असेल तर घेऊच नकोस. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा माझा क्लास तळमजल्यावर होता. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर मॅट एकावर एक चढून भिंतीला टेकल्या होत्या, मध्ये चिखल, आणि वर खिळ्याला टांगलेला माझा पहिला ब्लू बेल्ट तेवढा कोरडा. एक पण मॅट वाचली नाही. त्यांचा विमा मी काढला नव्हता. पोरांनी आणि त्यांच्या पालकांनी चार दिवस खराटे घेऊन चिखल काढला, त्यांची स्वतःची घरं बुडालेली असताना. तेव्हा मला कळलं की क्लास उभा राहिलाय. पण तू पहिला मजला बघ रे, आणि सामानाचा विमा काढ.

पैशाचं. 600 स्क्वेअर फूट धरलीस तर एक मीटर बाय एक मीटरच्या 56 मॅट लागतात, एकीला दीड हजार धर, 84 हजार झाले. सांगाडा, पंखे, एक्झॉस्ट, भिंतीला गाद्या धरून दोन लाख हाताशी पाहिजेत, आणि वर सहा महिन्यांचा घरखर्च. समज 35 जण झाले आणि महिना 900 घेतलेस तर साडेएकतीस हजार. पण हे वर्षभर धरू नकोस. फेब्रुवारी-मार्चला बोर्डाच्या परीक्षा आणि लगेच शिमगा, पालखी घरात येणार म्हटल्यावर कोण येतो क्लासला? एप्रिल-मे आंबा, अर्धी मोठी माणसं पेट्या भरण्यात, आणि तू पण, साठ कलमं म्हणजे थोडी नाहीत. गणपतीत चाकरमानी घरी, दहा-बारा दिवस गाव आरतीत. माझ्या पहिल्या वर्षी मी गणपतीत क्लास चालू ठेवला आणि रोज रिकाम्या मॅटकडे बघत बसलो. आता सरळ बंद ठेवतो आणि स्वतः आरतीला जातो. म्हणून फी महिन्याची नको, तीन महिन्यांची घे, जून-ऑगस्ट, सप्टेंबर-नोव्हेंबर अशी, सुट्ट्या आधीच छापून दे. पहिल्या वर्षी तुला मुंबईच्या निम्मे सुटले तरी खूप झाले. पण घरचं जेवण, घरभाडं नाही, आणि आंब्याचे चार पैसे वेगळे, ते पण मांड हिशोबात. एखाद्या शाळेत आठवड्याचे दोन तास मिळतात का बघ, तो पैसा लहान असला तरी ठरलेला असतो.

लहान मुलं येतीलच, खरं तर क्लास त्यांच्यावरच चालतो, मोठे तुझ्या समाधानासाठी. चार ते पंधरा वयाच्यांचे पट्टे वेगळे, व्हाइटनंतर ग्रे, यलो, ऑरेंज, ग्रीन, ते त्यांना फार आवडतात, पण आईबाबांच्या आग्रहाखातर एक पण देऊ नकोस. पायाचे लॉक, म्हणजे सांधा पिरगळायचे डाव, सोळाच्या आत कोणाला नाहीत, स्पर्धेच्या नियमात पण नाहीत आणि तुझ्याकडे तर अजिबात नकोत. चोक, म्हणजे मान आवळायचा डाव, शिकवताना पहिल्या दिवशी सांग की इथे श्वास नाही, मेंदूकडे जाणारं रक्त थांबतं, काही सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो, त्यामुळे शाळेत कोणावर केलंस तर क्लास बंद. आणि टॅप. टॅप करायची लाज वाटणार नाही असं वातावरण ठेव. 1951 ला रिओच्या माराकाना स्टेडियमवर जपानी ज्युदोपटू किमुराने एलिओचा हात पिरगळला, एलिओने टॅप केला नाही, टॉवेल फेकावा लागला. लोक हे शौर्य म्हणून सांगतात. मी पोरांना त्याच्या पुढचं सांगतो, की हरलेल्या माणसांनी त्या डावाला जिंकणाऱ्याचं नाव दिलं, आज जगभर तो डाव किमुराच आहे. आपल्याला ज्याने हरवलं त्याचं नाव आदराने घ्यायचं, एवढं पोरांनी उचललं तरी मला पुरे आहे.

मुलींबद्दल जरा जास्त काळजी घे. हा अंगाला अंग लावून खेळायचा खेळ, आणि पालकांना पहिल्यांदा बघताना धस्स होतं, त्यांचं काही चुकत नाही. त्यांना काचेच्या बाहेर नको, मॅटच्या कडेला बसव, पहिला महिना रोज. दार-खिडक्या उघड्या. एकटं मूल आणि एकटा शिकवणारा असा प्रसंग येताच कामा नये, मुलाला घ्यायला उशीर झाला तर दोघांनी बाहेर रस्त्यावर उभं राहायचं. पोक्सो कायदा 2012 चा आहे, लहान मुलावर अत्याचार झाल्याचं तुला कळलं तर पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे, हे तुला आणि तुझ्या मदतनिसाला पाठ पाहिजे. आणि पहिल्या वर्षापासून एखाद्या बाईला शिकवायला घे, कबड्डी खेळलेली कोणी असेल, पीटीची मॅडम असेल, ती ब्लू होईपर्यंत तुझा मुलींचा वर्ग आपोआप भरेल. माझ्याकडे हे व्हायला सहा वर्षं लागली कारण मी सुरुवातीला शोधलंच नाही. एका आईला मी म्हटलं तुम्हीच या मॅटवर, मुलीने तुम्हाला दाबून धरू दे, कसं सुटायचं ते दाखवतो. ती साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालून दुसऱ्या दिवशी आली. अजून येते.

अंगाचं म्हणालो होतो. मी 46 चा आहे. उजव्या हाताची दोन बोटं सकाळी गरम पाण्यात घातल्याशिवाय मिटत नाहीत, डाव्या गुडघ्याचा मेनिस्कस एकदा फाटलाय, मान थंडीत आखडते. हे सगळं शिकवण्यामुळे कमी आणि शिकवताना दाखवायच्या नादामुळे जास्त झालंय. नव्या, दांडग्या पोराने ताकद लावली की आपल्याला वाटतं दाखवू याला. नको. दिवसात दोन बॅच असतील तर एकीतच रोल कर. स्पायडर गार्डचं, म्हणजे बाह्या धरून खेळायचं, वेड कमी कर, बोटं वाचतील. कोणी घाईत आर्मबार, म्हणजे कोपराचा डाव, लावला तर लवकर टॅप कर, विद्यार्थ्यासमोर टॅप कर, त्याला पण बरं वाटतं. एक दिवस पूर्ण सुट्टी. भाट्याच्या किनाऱ्यावर चाल, पोह, कलमांना आळी कर, पण मॅट नाही.

लग्नाचं मी दोन ओळीत सांगतो. 'करतो काय' याचं उत्तर आत्ता तू अडखळत देतोस म्हणून समोरचे अडखळतात. मुलीला आणि तिच्या घरच्यांना एकदा क्लास बघायला बोलव, तिथे तुझ्याकडे वीस पोरं कशी बघतात ते त्यांना दिसू दे. ज्यांना त्यानंतर पण नको असेल त्यांच्याकडे तू सुखी झाला नसतास.

वेळेचं असं कर. नोकरी आत्ता सोडू नकोस. यंदा गणपतीला घरी आलास की गाळा बघ, ओल बघ, दोन कबड्डी संघांच्या सरावाला जाऊन नुसता बस, शिकवायचं बोलू पण नकोस पहिल्या दिवशी. दसऱ्यापासून महिन्यातून दोन रविवार सकाळी सहा माणसांना घे, चार मॅट आणि एखादा ओटा पुरतो. मे महिन्यात आंबा आटोपला की मालकांना रीतसर महिन्याची नोटीस देऊन, भांडण न करता निघ, कारण तुझी मुलं पुढे ट्रेन करायला मुंबईत त्याच मॅटवर जाणार आहेत. आणि शाळा उघडतात तेव्हा, जूनच्या मध्यावर, पाऊस लागलेला असताना सुरू कर, होड्या पण किनाऱ्याला असतील.

गणपतीला येताना वाटेत चिपळूणला उतर. गी घेऊन ये, नाही, नो-गीच आण, तेव्हा गी सुकणार नाही. माझा क्लास बंद असेल पण किल्ली माझ्याकडेच असते. दाभोळच्या त्या मुलाला पण बोलावतो. तुझ्यासारखा ताजा ब्लॅक बेल्ट बरेच दिवसांत माझ्यासमोर आलेला नाही, सहा-सहा मिनिटांचे पाच राउंड करू आणि मग घरी जेवायला चल.